बनुबाईनं पाटी खाली ठेवली

मी एक म्हातारी म्हैस आहे, मित्रांनो. माझी शिंगं मागे वळून पाठीला टेकली आहेत, दात झिजले आहेत आणि डाव्या डोळ्यानं अंधूक दिसतं. म्हशीला काय कळतं, असं तुमच्यात म्हणतात. कुणी वर्गात मठ्ठ बसला की त्याला माझं नाव मिळतं. मिळू द्या. पण गोठ्यात उभं राहून मी जे पाहिलं आणि ऐकलं, ते मी आज सांगणार आहे. ही गोष्ट मुलांसमोर बोलायची नाही, असं काही मोठी माणसं म्हणतील. मुलं आईच्या पोटातूनच येतात ना? मग त्या पोटाचं पुढे काय होतं, हे मुलांनी ऐकलं तर कुणाचं काय बिघडतं?

माझा जन्म पाटणच्या बाजूला, डोंगरातल्या एका वस्तीवर झाला. उतारावर चरायचं आणि दुपारी डोहात नाकापर्यंत बुडून बसायचं, एवढंच मला ठाऊक होतं. गाभ धरण्याच्या वयाला आले तेव्हा मोहिद्दीन नावाच्या व्यापाऱ्यानं मला आष्ट्याच्या बाजारात आणून उभं केलं. तिथं येणारा-जाणारा माझं तोंड उघडून दात बघायचा, शेपूट वर करायचा, कासेवरून हात फिरवायचा. जनावराची कसली लाज, म्हणून सगळं उघड्यावर चालायचं. शेवटी नानासो नावाच्या शेतकऱ्यानं माझं दावं हातात घेतलं.

नानासोचं गाव इस्लामपूर आणि आष्टा यांच्यामधलं. चारी बाजूंनी ऊस. घरात त्याची म्हातारी आई दगडाबाई, बायको बनुबाई आणि दोन मुलं. माझ्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून बनुबाईनं माझं नाव चंद्री ठेवलं. ती उंच, हाडापेरानं मजबूत बाई. सकाळी आधी माझ्या गव्हाणीत वैरण पडायची, मग तिच्या पोटात चहा जायचा. मी पहिल्यांदा व्याले तेव्हा डेअरीवाला माझं दूध बोटावर घेऊन म्हणाला होता की असं घट्ट दूध गावात दुसऱ्या कुणाचं नाही. ते ऐकून नानासो दिवसभर छाती काढून फिरला. बनुबाई मात्र माझ्या पाठीवर थाप मारून परत शेण भरायला गेली.

त्या साली बनुबाईला तिसरं मूल झालं, मुलगी. ऐन गळिताचे दिवस होते. कारखान्याची टोळी उसात शिरलेली आणि घरात बाईमाणूस झोपून राहिलेलं कुणाला परवडत नव्हतं. बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी बनुबाईच्या डोक्यावर उसाच्या वाड्याचा, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यांचा, भारा आला. हिरव्या वाड्याचा भारा म्हणजे काय असतं, हे तो खाणाऱ्या मला माहीत आहे. चांगला गडी कण्हत उचलतो. ती ओली बाळंतीण तो घेऊन बांधावरून चालत आली. संध्याकाळी परत शेणाची पाटी, पाण्याची घागर, दळण.

पुढच्या काही महिन्यांत तिच्यात काहीतरी बदललं. पूर्वी ती माझ्या कासेखाली उकिडवी बसून एका दमात धार काढायची. आता वीट घेऊन बसू लागली. मग विटेवरही बसवेना. अर्धवट वाकून, कपाळ माझ्या पोटाला टेकवून ती धार काढायची. मध्येच थांबायची, ओटीपोट दाबून धरायची. लग्नकार्याला जाणं तिनं सोडलं. लघवीला गेली की बराच वेळ यायची नाही आणि आली की चेहरा घामानं भिजलेला असायचा. विचारलं कुणी तर ‘काय न्हाई’ म्हणायची. खरं ती फक्त मला सांगायची. गोठ्यात दुसरं कुणी नसलं की हळूच म्हणायची, “चंद्रे, माजं अंग बाहीर येतंय गं.”

असं एक दोन वर्षं नव्हे, बरीच वर्षं चाललं. मुलगी शाळेत जाऊ लागली तरी बनुबाई कमरेला कापड घट्ट बांधून भारे वाहतच होती.

मग तीच पाळी माझ्यावर आली. मी गाभण होते, दिवस भरत आले होते. एका सकाळी बसले असताना माझं अंग बाहेर आलं. लाल, सुजलेलं, धुळीनं माखलेलं. नानासोनं पाहिलं आणि तो ओरडतच रस्त्यावर गेला. घटकाभरात गल्ली गोठ्यात जमली. कुणी ओलं फडकं धरलं, कुणी कावळे हाकलत बसला. दगडाबाईनं माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला आणि देवाला नारळ बोलली. नानासो सायकल हाणत आष्ट्याला गेला आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊनच परत आला. तोवर त्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

डॉक्टर वयस्क होते, हात शांत. त्यांनी पोटॅशच्या पाण्यानं माझं अंग धुतलं, गड्यांना माझ्या मागच्या पायांखाली माती भरून उंचवटा करायला लावला आणि मुठीनं हलकेच दाबत सगळं आत घातलं. मग दाभणासारख्या सुईनं टाके घातले. मी हंबरले, पण उभी राहिले. हात धुता धुता ते सांगू लागले की मागची बाजू कायम उंच ठेवा, पोट गच्च भरेल असा चारा एकदम घालू नका, फिरवू नका, आणि व्यायची वेळ जवळ आली की मला बोलवा, टाके आधी काढावे लागतील. गडीमाणसं मान डोलावून ऐकत होती.

बनुबाई गरम पाण्याचं भगुलं घेऊन दाराशी उभी होती. ते तिनं खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सावरून सगळ्यांसमोर विचारलं, “डाक्तर, आन बाईचं अंग बाहीर आलं तर कंचा डाक्तर आनायचा?”

बाळासो म्हणून नानासोचा चुलतभाऊ होता, तो मान खाली घालून हसला. दगडाबाईनं सुनेचा दंड धरला. बनुबाईनं तो सोडवून घेतला आणि डॉक्टरांकडेच बघत राहिली.

डॉक्टरांनी टॉवेलानं हात पुसले. ते हसले नाहीत. म्हणाले, “बाई, दुखणं तेच आहे. म्हशीचं बरं होतं तसं बाईचंही होतं. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा. आणि तोवर वजन उचलू नका.”

सगळे पांगल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. दगडाबाईचा आवाज गोठ्यापर्यंत येत होता. चारचौघांत घराची अब्रू काढली, म्हणाली. बाईच्या जातीला हे असतंच, आमी न्हाई सोसलं? नानासो चिडला नव्हता, तो घाबरला होता. त्या साली नसबंदीची मोठी मोहीम चालू होती. रस्त्यावर जीप दिसली की गडीमाणसं धोतराचा सोगा धरून उसात पळायची. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की आपल्याला धरून टेबलावर घेतील, अशी नानासोची पक्की समजूत होती. सुगी झाल्यावर बघू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाईनं नेहमीसारखं शेण भरलं. पाटी उंबऱ्यापर्यंत ओढत आणली आणि तिथंच सोडून सरळ उभी राहिली.

“आत्याबाई, ही पाटी आता माज्यानं उचलायची न्हाई.”

“मग कुनी उचलायची?” दगडाबाई म्हणाली.

“ज्येचं अंग जाग्यावर हाय त्येनं.”

एवढंच बोलून ती आत गेली. पाटी दुपारपर्यंत तशीच होती. शेवटी नानासोनं ती उचलून उकिरड्यावर टाकली.

शेजारी सिकंदर शिंप्याचं घर होतं. त्याची बायको अख्तरबी बनुबाईपेक्षा वयानं लहान, तोंडानं तिखट. गोठ्यातली गोष्ट तिच्या कानावर गेली तशी ती परड्यातून आली आणि तिनं बनुबाईला एक गुपित सांगितलं. तिलाही हाच त्रास होता, थोडा. सांगलीच्या त्याच डॉक्टरीणबाईंनी तिला आत एक रबरी कडी बसवली होती. दर तीन महिन्यांनी जाऊन ती काढून, धुऊन, तपासून परत बसवून घ्यावी लागते. तिची जायची वेळ आलीच होती. चल माझ्यासंगं, म्हणाली. आणि एका सकाळी दोघी यष्टीनं गेल्यासुद्धा.

परत आल्यावर त्या घरात न बोलता गोठ्यात बसूनच बोलल्या, म्हणून मला सगळं कळलं. डॉक्टरीणबाईंनी खुंटीवरची कापडी पिशवी हातात घेऊन समजावलं होतं. गर्भाची पिशवी पोटात दोऱ्यांनी टांगलेली असते, खालून मांसाची झोळी तिला तोलून धरते. बाळंतपणं आणि ओझी यांनी दोऱ्या ताणतात, झोळी सैल पडते. मग पिशवी खाली उतरते आणि पुढची लघवीची थैली, मागचं आतडंही संगं ओढते. लघवी अडते ती म्हणूनच. यात बाईचा काही दोष नाही, असं त्या म्हणाल्या.

मार्ग बरेच होते. अख्तरबीसारखी कडी. ती बसवायला चिरफाड नको, पण दुखणं तिथंच राहतं, नुसतं तोलून धरलं जातं. पुढे मूल हवं असेल तर पिशवी ठेवायची, तिचं लांबलेलं तोंड आखूड करायचं आणि दोऱ्या कसून बांधायच्या. अगदी तरुण मुलीला पोट उघडून पट्टीनं पिशवी वर टांगूनही देतात. आणि पिशवी बनुबाईसारखी पार बाहेर येत असेल, मुलंही पुरेशी असतील, तर खालच्या वाटेनंच ती काढून टाकायची, दोऱ्या आत घट्ट शिवायच्या आणि पुढची-मागची सैल भिंत टाके घालून आवळायची. डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगून विचारलं होतं, “तुझं काय म्हणणं?” इतक्या वर्षांत हा प्रश्न बनुबाईला कुणी विचारला नव्हता. तिनं शेवटचा मार्ग सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की मीही हेच सुचवलं असतं. पण त्यांनी बजावलंही होतं, की पुन्हा कधीच काही खाली येणार नाही अशी हमी कुणी देत नाही. परत भारे वाहिलेस तर टाके हरतील.

घरात हे कळलं तेव्हा दगडाबाईनं कपाळाला हात लावला. पिशवी काढली की बाई पोकळ होते, नवऱ्याच्या मनातून उतरते, असं तिनं ऐकलं होतं. ती नानासोला म्हणाली, की कडी घाल म्हणावं, पण पिशवी काढू देऊ नको.

बनुबाई चुलीपुढून उठली. “आवं आत्याबाई, पिशवी कुनाच्या पोटात हाय? माज्या. मग माजी मी बगते.”

लगेच शस्त्रक्रिया होणार नव्हती. बाहेर राहून कापडाला घासून तिच्या अंगाला जखम झाली होती, ती आधी भरायला हवी होती. रक्तही कमी होतं. लोहाच्या गोळ्या, रोज औषधात भिजवलेली पट्टी आणि झोपून राहायचं, खाटेचा पायथा उंच करून. पट्टी कशी बसवायची ते नर्सनं अख्तरबीला शिकवून धाडलं होतं. बनुबाईनं आपली खाट गोठ्याशेजारच्या पडवीत घातली आणि पायथ्याखाली विटा लावल्या. माझ्या मागच्या पायांखाली मातीचा उंचवटा, तिच्या खाटेखाली विटा. आम्ही दोघी तशा एकमेकींकडे बघत दिवस काढले. गल्लीतून जाणाऱ्या बाया आधी तोंडाला पदर लावायच्या. काही दिवसांनी एक एक आत येऊन खाटेच्या कडेला टेकू लागली. त्यांतल्या कितीजणींनी हळू आवाजात ‘मलाबी हाय’ म्हटलं, ते मी सांगणार नाही. ते त्यांचं त्यांनी सांगायचं.

माझे टाके काढले, मी व्याले, गोंडस रेडी झाली. बनुबाईची जखमही भरली. सांगलीला भरती व्हायचा दिवस ठरला. नानासोला संगं बोलावलं होतं, पण तो ऐन वेळी उसाला पाणी द्यायचं निमित्त काढून मळ्यात गेला. बनुबाई त्याची वाट बघत बसली नाही. लुगड्याचं गाठोडं काखेत मारून ती अख्तरबीबरोबर यष्टीत बसली. जाताना माझ्या कपाळावर हात ठेवून हळूच म्हणाली, “चंद्रे, भ्या वाटतंय गं.” धीट माणसाला भीती वाटत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्या संध्याकाळी नानासो माझ्या कासेखाली बसला. मी पान्हा चोरला. रेडी लावली, पेंड घातली, पाठ थोपटली. मी एक थेंब दिला नाही आणि वर बादलीला लाथ मारली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग दगडाबाईनं आमच्याकडचा जुना उपाय सांगितला. बायकोचं लुगडं नेसून बस, म्हणाली, म्हस फसंल.

आणि मित्रांनो, तो मिशाळ गडी बनुबाईचं हिरवं लुगडं गुंडाळून गोठ्यात आला. मी फसले असं समजू नका. मिशा काही लुगड्यात झाकत नाहीत. पण त्याला त्या वेशात पाहून मला दया आली आणि मी थोडं दूध सोडलं. धार काढून तो उठतोय तोवर आतून आईचा आवाज आला, की शेण पडलंय, पोरांची शाळेची वेळ झालीय, गोठा झाडून घे. तसाच, लुगड्यातच, त्यानं पाटी भरली आणि डोक्यावर घेतली. लुगडं पायात येत होतं. उकिरड्याकडे जाताना सिकंदरनं त्याला कुडापलीकडून पाहिलं. परत आल्यावर वैरणीचा भारा, मग घागरी. शेवटी तो माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला आणि कंबर चोळू लागला.

“आई, ह्ये रोजचं?” त्यानं विचारलं.

“रोजचं. आन सांजंला परत.”

“बाळंतपनातबी?”

दगडाबाई पाठ फिरवून चुलीकडे गेली. नानासोनं लुगडं सोडलं, नीट घडी घातली आणि आंघोळ करून दुपारच्या यष्टीनं सांगलीला गेला.

पुढचं अख्तरबीनं सांगितलं. दवाखान्याच्या फाटकाशी तो बराच वेळ घुटमळला. कुणी काही विचारायच्या आत शिपायाला म्हणाला, की मी नुसता बायकोला भेटाय आलोय, माझं काय करायचं न्हाई. शिपायाला हसू आवरेना. वॉर्डात बनुबाई खाटेवर बसली होती. त्याला बघून पाय जवळ घेऊन तिनं त्याला बसायला जागा केली.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई संमतीचा कागद घेऊन आल्या आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी तो नवऱ्यापुढे धरला. नानासोनं पेन घेतलं. बनुबाईनं हात पुढे केला.

“आदी मी. ज्येचं अंग त्येची सही.”

ती चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं सावकाश, अक्षर अक्षर जोडून आपलं नाव लिहिलं, आणि मग पेन नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं तिच्या नावाखाली आपली सही केली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही सह्या बघितल्या आणि कागद घेऊन गेल्या.

शस्त्रक्रियेचं बनुबाईनं मला स्वतः सांगितलं, घरी आल्यावर, माझी मान खाजवता खाजवता. कमरेत सुई टोचली आणि पाय लाकडासारखे झाले. वर मोठा दिवा. ती जागीच होती. हत्यारं ताटलीत ठेवल्याचा आवाज येत होता, डॉक्टरीणबाई मधूनमधून धागा मागत होत्या. दुखत काहीच नव्हतं, फक्त कुणीतरी आतून ओढतंय असं वाटत होतं. सगळं झाल्यावर तिनं एक मागणं केलं. काढलेली पिशवी मला दाखवा, म्हणाली. नर्स नको म्हणत होती. बनुबाई म्हणाली, “माजी तिन्ही पोरं तितं ऱ्हायली. मी बगितल्याबिगर कसं टाकता?” डॉक्टरीणबाईंनी ट्रे जवळ आणायला सांगितला. ती पिशवी मुठीएवढी होती. “एवडीशी?” बनुबाई म्हणाली, आणि झोपल्या झोपल्या तिनं तिला हात जोडले.

लघवीची नळी काही दिवस होती. ताप आला, उतरला. पहिल्यांदा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा एका बाजूला अख्तरबी आणि दुसऱ्या बाजूला नानासो होता. तो रोज येत होता. शिपाई आता त्याला ओळखून आत सोडायचा.

घरी आल्यावर तीन महिने तांब्याहून जड काही उचलायचं नव्हतं, आणि पुढे जन्मभर भारे-पाट्या नाहीत. नानासोनं पाटी घेतली. त्यासाठी त्याला लुगडं नेसावं लागलं नाही. मी मुकाट पान्हा सोडायला शिकले. चावडीवर बाळासोनं एकदा सगळ्यांसमोर त्याला विचारलं, की लुगडं कुठं ठेवलंस. नानासो म्हणाला, “धुऊन ठेवलंय. तुज्या म्हशीनं पान्हा चोरला की घिऊन जा.” त्यानंतर कुणी विचारलं नाही.

बनुबाई परत माझ्या कासेखाली उकिडवी बसू लागली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. नवऱ्याच्या मनातून वगैरे ती काही उतरली नाही. उलट घरात तिच्या शब्दाला वजन आलं.

एका दुपारी दगडाबाई गोठ्यात आली. बनुबाई गव्हाण साफ करत होती. म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून माझ्याशीच बोलत असल्यासारखी म्हणाली, “माजं नानासोच्या वक्तापास्नं हाय. कापाड बांदून बांदून जलम गेला.” आणि पुढे, “आता ह्या वयात दाखवाय गेलं तर लोक हसतील.”

बनुबाईनं हातातला केरसुणीचा बुडखा खाली ठेवला. तिच्या मनात राग असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “हसू द्या. उद्या सकाळची यष्टी हाय.”

त्या यष्टीत काय झालं ते अख्तरबी आजही गल्लीत रंगवून सांगते. तिची कडी तपासायची होती म्हणून तीही संगं होती. गाडी खचाखच भरलेली. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थट्टेनं म्हणाला, की म्हातारे, सांगलीला कशाला निघालीस, नाटक बघाय का? जन्मभर कापड बांधून गप्प राहिलेल्या दगडाबाईनं मान वर केली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, “माजं अंग बाहीर येतं, ते दाखवाय चाललीया. तुजी आय हाय का घरात? तिलाबी इचार.”

कंडक्टरनं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. मागच्या बाकावरची एक बाई उठून पुढे आली आणि त्या तिघींशेजारी उभी राहिली. सांगलीत ती त्यांच्याबरोबरच उतरली.

दगडाबाईचं काळीज कमजोर निघालं. तिला मोठी शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. कडी, नाहीतर तेवढ्यापुरती जागा बधिर करून आतल्या भिंती एकमेकींना शिवून टाकायच्या, म्हणजे काही खाली यायला वाटच उरत नाही. विधवा म्हातारी बाई, तिला त्या वाटेची आता गरज उरली नव्हती. “शिवून टाका बाई,” दगडाबाई म्हणाली. “दर तीन म्हैन्याला यष्टीत कोन बसतंय.” लवकरच ती घरी आली आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दारात बोलावून सगळं सांगत बसली, मोठ्यानं.

आता मी भाकड झाले आहे, मित्रांनो. बाळासो अधूनमधून सुचवतो की म्हातारं जनावर कशाला पोसता, बाजार दाखवा. बनुबाई त्याच्यादेखत माझ्यापुढे वैरण टाकून निघून जाते. माझ्या गोठ्यात अजून बाया येतात, टेकतात, बोलतात आणि सकाळची यष्टी कधी आहे ते विचारून जातात.

माझी तुम्हाला विनवणी नाही, सांगणं आहे. तुमच्या घरात बाळंतीण असेल तर तिच्या डोक्यावर भारा चढू देऊ नका. पाटी दिसली की ती तुम्ही उचला. मुलगा असाल तर आधी उचला. आई बसताना ओटीपोट धरत असेल तर तिला विचारा. ती ‘काय न्हाई’ म्हणेल. तरी परत विचारा. आणि कुणी म्हणालं की असलं बोलू नये, तर त्याला आमच्या गावी माझ्या गोठ्यात घेऊन या. माझं अंग बाहेर आलं तेव्हा अख्खी गल्ली धावून आली होती आणि चावडीवर आठवडाभर तीच चर्चा होती. म्हशीचं दुखणं चावडीवर बोलता, तर आईचं निदान घरात तरी बोला.